इंटरॅक्टिव्ह पॅनेल घ्यायचे ठरले आहे; पण वर्गात ते नेमके कशासाठी वापरायचे?

खडूफळा

नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान आणि आठवीला गणित शिकवते. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन शाळेला एक इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे भिंतीवर लावायचा मोठा स्पर्शपडदा, देण्याचे ठरवले आहे. त्यांच्या भावनेबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच ते भिंतीवर लागण्याआधी कोणत्या इयत्तेच्या, कोणत्या पाठात त्याचा उपयोग होणार आहे हे शाळा व्यवस्थापन समितीसमोर स्पष्ट मांडता यावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी या चर्चामंचावरील आपणा सर्वांचे अनुभव हवे आहेत.

उपकरण आधी येते आणि पाठाचा विचार मागाहून होतो, हे आपल्याकडे अनेकदा घडले आहे. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘बालचित्रवाणी’ या शैक्षणिक दूरचित्रवाणी संस्थेने शालेय विषयांवर मराठीतून कितीतरी चांगले कार्यक्रम तयार केले. पण कार्यक्रमाची वेळ आणि वर्गातील तासिका यांचा मेळ बसवणे शाळेच्या हाती नव्हते, आणि शेवटी २०१७ मध्ये ती संस्थाच बंद झाली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा गावोगावी लोकवर्गणी जमली आणि शाळांमध्ये प्रोजेक्टर, टॅब व मोठे पडदे आले. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याची डिजिटल झालेली छोटी शाळा पाहायला तेव्हा राज्यभरातून शिक्षक जात असत. त्या काळात शिक्षकांनी आणि ग्रामस्थांनी दाखवलेला उत्साह खरा होता. मात्र त्यातील किती संच आज तासिकेत वापरले जातात आणि किती कपाटात आहेत, हे आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहात, पाहिलेच असेल.

माझ्यापुरता मी एक निकष ठरवला आहे. फळ्यावर दाखवता येत नाही, हातातल्या साहित्याने मोजता येत नाही किंवा माझ्या आवाजात ऐकवता येत नाही, तेवढ्याच गोष्टीसाठी पडदा किंवा फोन वापरायचा आणि काम झाले की बंद करायचा. पाठ्यपुस्तकातीलच वाक्ये पडद्यावर झळकवून मुलांना वाचायला लावण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

दोन उदाहरणे देते. नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठात एकसर जोडणी, म्हणजे एकाच मार्गात एकापुढे एक केलेली जोडणी, येते. बॅटरीतून निघालेली विद्युतधारा पहिल्या दिव्यात थोडी खर्च होते आणि म्हणून दुसरा दिवा मंद पेटतो, ही समजूत मुलांच्या मनात इतकी पक्की असते की व्याख्या पाठ करूनही ती जात नाही. मी आधी प्रत्येकाला आपला अंदाज वहीत लिहायला सांगते. मग बॅटरीचे सेल आणि टॉर्चचे दोन दिवे घेऊन प्रत्यक्ष जोडणी करतो. गंमत अशी की बाजारातले दोन दिवे कधीच तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एक जरासा मंद पेटतोच, आणि तो दुसऱ्या जागी असला तर “बघा बाई, मी म्हटले होते!” असा आवाज मागच्या बाकावरून येतो. अशा वेळी मी त्याच मुलाला पुढे बोलावून दोन्ही दिव्यांच्या जागांची अदलाबदल करायला सांगते. आता मंद दिवा पहिल्या जागी येतो आणि तरीही मंदच राहतो. वर्ग गोंधळतो. नेमक्या त्या क्षणी मला पडदा हवा असतो, कारण तारेच्या आत काय चालले आहे ते माझ्याकडच्या कोणत्याही साहित्याने दाखवता येत नाही.

कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली नोबेल-विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केलेल्या ‘फेट’ या प्रकल्पातील विद्युत परिपथाची सदृशीकरणे (सिम्युलेशन) विनामूल्य आहेत, त्यांतील अनेक मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. त्यात इलेक्ट्रॉन सगळ्या तारेतून एकाच वेगाने सरकताना दिसतात आणि विद्युतधारा मोजणारा अमीटर दिव्याच्या आधी लावा, नंतर लावा, आकडा तोच राहतो. हे दाखवायला जेमतेम दहा मिनिटे लागतात. पण त्याआधीची वीस मिनिटे गेली नसतील, तर मुलांना तो केवळ एक हलता देखावा वाटतो.

दुसरे उदाहरण ‘ध्वनीचा अभ्यास’ या पाठाचे. ध्वनीचा हवेतील वेग मुले पाठ करतात, पण तो आपल्याच शाळेच्या मैदानावर मोजता येतो यावर त्यांचा विश्वास बसत नाही. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे विनामूल्य ॲप आहे. त्यातले घड्याळ आवाजाने सुरू होते आणि आवाजानेच थांबते. दोन फोन टेपने मोजून दहा मीटर अंतरावर ठेवायचे. पहिल्या फोनजवळच्या मुलाने टाळी वाजवली की त्याचे घड्याळ लगेच सुरू होते, तर दुसरे घड्याळ टाळीचा आवाज तिथवर पोचल्यावर सुरू होते. मग दुसऱ्या फोनजवळच्या मुलाने टाळी वाजवायची, म्हणजे दुसरे घड्याळ लगेच आणि पहिले थोडे उशिरा थांबते. दोन्ही घड्याळांतील वेळांचा फरक म्हणजे ध्वनीला वीस मीटर जाण्यास लागलेला वेळ, आणि तो साधारण ०.०५८ सेकंद येतो. भागाकार मुलेच करतात. प्रत्येक गटाचे उत्तर थोडे वेगळे येते आणि मग टेप सैल होती का, वाऱ्याचा काही परिणाम झाला का, आज तापमान किती आहे, असे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात. या तासिकेला दोन साधे स्मार्टफोन पुरतात. पॅनेलची गरजच पडत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी की आपण काय वापरता हे लिहिताना इयत्ता, पाठ आणि वेळ यांसह लिहावे.

माळरान

मॅडम, आपला निकष पटला, परंतु प्राथमिक शाळेच्या बाजूने त्यात एक भर घालावीशी वाटते. आमची शाळा जिल्हा परिषदेची आणि द्विशिक्षकी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एकाच वेळी दोन इयत्ता माझ्यासमोर बसलेल्या असतात आणि मी पहिलीला अक्षरे गिरवायला शिकवत असेन, तेव्हा दुसरीने स्वतःहून काहीतरी अर्थपूर्ण करत राहणे आवश्यक असते. बहुवर्ग अध्यापनात तंत्रज्ञानाचा खरा उपयोग शिक्षकाला वीस मिनिटे मोकळी करून देण्यात आहे. त्यासाठी मी एक छोटा स्पीकर वापरतो. त्यावर कवितांच्या चाली आणि मी स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या गोष्टी असतात. मुले पुस्तकातील ओळीवर बोट ठेवून त्या ऐकतात आणि मग सोबतच्या कार्डावरील प्रश्न सोडवतात. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, त्यांतील निवडक पाने छापून घेतली की चौथीच्या मुलांसाठी वाचनाचे उत्तम साहित्य होते.

पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण ती कल्पना आपल्याच राज्यातील एका जिल्हा परिषद शाळेत रुजली. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड असल्याने ती भाषा शिकून घेऊन त्यांनी मुलांसाठी पाठांचे रूपांतर केले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज पुस्तकातील कोड फोनने टिपला की २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय ऑनलाइन व्यासपीठावरील साहित्य उघडते. आमच्या वस्तीवर रेंज नसते, म्हणून मी तालुक्याला शिक्षण परिषदेसाठी जातो तेव्हा पुढच्या महिन्याचे साहित्य उतरवून आणतो.

मात्र मला सर्वांत अधिक उपयोग झाला तो एका फोनचा आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदी कार्डांचा. ‘प्लिकर्स’ नावाची ही पद्धत आहे. प्रत्येक मुलाला एक चौकोनी नक्षीचे कार्ड मिळते. कार्डाची कोणती बाजू वर धरली यावरून अ, ब, क किंवा ड असे उत्तर ठरते. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी कोणते उत्तर दिले याची नोंद होते. प्रत्येकाची नक्षी निराळी असल्याने शेजाऱ्याचे कार्ड पाहून आपले कार्ड तसे धरण्याचा उपयोग होत नाही.

परंतु खरे काम पर्याय निवडण्याचे आहे. तिसरीला मी ५०३ वजा २४७ हे उदाहरण दिले आणि पर्याय ठेवले २५६, ३४४, २६६ आणि ७५०. ज्याचे उत्तर ३४४ आले, त्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. त्याला हातचा घेणे ही कल्पनाच उमगलेली नाही. ज्याचे २६६ आले, त्याने शतकाकडून दशक आणले, पण त्यातला एक एककाला दिला हे तो विसरला. त्याला काड्यांचे गठ्ठे सोडून पुन्हा बांधायला लावले की पुरते. ७५० आलेल्याने चिन्ह पाहिले नाही. ही तिन्ही मुले ‘चुकली’ या एकाच रकान्यात जात असत, कारण वह्या तपासेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. आता तिघांना त्याच तासिकेत वेगवेगळ्या गटांत बसवता येते.

गोदाकाठ

मी शिक्षक नाही, पालक आहे, आणि माझा अनुभव या दोन्ही प्रतिसादांपेक्षा निराळा आहे. आमच्या मुलांच्या शाळेत तंत्रज्ञान म्हणजे रात्री आठ वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येणारी चित्रफीत आणि “उद्या पाहून या” ही सूचना. घरात एकच स्मार्टफोन, तो मुलांच्या वडिलांकडे, आणि ते रात्रपाळीला गेलेले असतात. २०२० मध्ये ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ या काळात ही पद्धत अपरिहार्य होती आणि तेव्हा शिक्षकांनी केलेल्या कष्टांची मला जाणीव आहे. परंतु शाळा नियमित सुरू झाल्यानंतरही घरातील फोन हाच शाळेचा फळा का समजला जातो? एकदा फोन मुलाच्या हाती गेला की अभ्यासाची चित्रफीत पाच मिनिटांत संपते आणि पुढचा तासभर काय पाहिले जाते त्यावर आमचे लक्ष राहत नाही. वर्गातील पडद्याला माझा विरोध नाही, पण त्याचा भार घरावर पडू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

खडूफळा

गोदाकाठ ताई, आपले म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. ज्या गोष्टीसाठी फोन लागतो ती वर्गात, शिक्षकांसमोरच व्हायला हवी आणि घरी जाईल ती वही व पुस्तक. ज्या घरात फोन नाही त्या मुलाचा गृहपाठ त्या एका कारणाने अपुरा राहत असेल, तर तो दोष मुलाचा नसून गृहपाठ देणाऱ्याचा आहे. आमच्या समितीपुढे ठेवायच्या टिपणात हा मुद्दा मी पहिल्याच पानावर घेत आहे.

पडताळा

या विषयावर भारतात झालेले काही अभ्यास मार्गदर्शक आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वडोदरा शहरातील महापालिका शाळांत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक प्रयोग झाला. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ देण्यात आले. एका संगणकावर दोन मुले बसत आणि मुलाच्या तयारीनुसार उदाहरणांची काठिण्यपातळी बदलत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत मुलांची गणितातील प्रगती ठळकपणे वाढलेली आढळली. त्याच अभ्यासात पुढे असेही दिसले की कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभरात त्या लाभाचा मोठा भाग ओसरला. याचा अर्थ मी असा घेतो की असे साधन एक वर्ष वापरून सोडून देण्यात फायदा नाही. ते वेळापत्रकात कायमचे बसवता येणार असेल तरच त्याचा विचार करावा.

गुजरातमध्येच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांत केलेल्या दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष धोरण आखणाऱ्यांनी आवर्जून वाचावा असा आहे. तेथे संगणकीय गणित शाळेच्या तासिकेत, म्हणजे शिक्षकांच्या अध्यापनाच्या जागी दिले, तेव्हा मुले इतर मुलांपेक्षा मागे पडली. आणि शाळेच्या वेळेबाहेर, नेहमीच्या अध्यापनाला जोड म्हणून दिले, तेव्हा ती पुढे गेली. संगणक तोच आणि उदाहरणेही तीच होती. फरक पडला तो शिक्षकांचा वेळ काढून घेतला की त्यात भर घातली, यामुळे.

दिल्लीत २०१५-१६ मध्ये झालेल्या अभ्यासात सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर एका संगणकीय कार्यक्रमावर सराव देण्यात आला, आणि साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत चांगली सुधारणा झाली. त्यामागचे कारण त्याच अभ्यासातील दुसऱ्या निरीक्षणात आहे: सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते आणि एकाच वर्गातील मुलांमध्ये कित्येक इयत्तांचे अंतर होते. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणारा शिक्षक एकाच फळ्यावर हे सगळे स्तर एका वेळी शिकवू शकत नाही, तर संगणक प्रत्येकाला त्याच्या पायरीवरून उचलतो. ‘माळरान’ यांची कागदी कार्डे हेच काम, पण शिक्षकाच्या हातून करून घेतात आणि म्हणून मला ती फार मोलाची वाटतात.

याउलट केवळ यंत्र हाती देण्याचा परिणाम पेरू देशात दिसला. तेथे ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले गेले. ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत काहीही फरक आढळला नाही. याच योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या एकशिक्षकी शाळेत झाला होता, हे आता फार थोड्यांना आठवत असेल.

निवृत्त_केंद्रप्रमुख

अभ्यासांविषयी वाचून आनंद झाला, पण मी जमिनीवरचे दोन-तीन प्रश्न मांडतो, कारण चांगली साधने पाठाअभावी जितकी पडून राहिली, तितकीच ती विजेअभावी आणि भीतीपोटीही पडून राहिली आहेत.

पहिला प्रश्न वीज बिलाचा. जिल्हा परिषद शाळेला सादिल (किरकोळ खर्चासाठीचे) आणि संयुक्त शाळा अनुदानातून खडू, रजिस्टर, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती हे सर्व भागवायचे असते. प्रोजेक्टर आणि संगणक आले की बिल वाढते, अनुदान मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. काही महिने शिक्षक खिशातून भरतात, मग थकते आणि एक दिवस जोडणी तोडली जाते. माझ्या केंद्रात असे घडलेले मी पाहिले आहे. तेव्हा देणगीदारांनी उपकरणासोबत निदान तीन वर्षांच्या विजेची आणि देखभालीची रक्कम बाजूला ठेवावी, किंवा ग्रामपंचायतीने बिलाची जबाबदारी घेतल्याचा ठराव आधी करून घ्यावा.

दुसरा प्रश्न डेडस्टॉक रजिस्टरचा. महाग वस्तू या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढली की ती मुख्याध्यापकांच्या नावावर येते. बदली झाली की कार्यभार सोपवताना ती चालू स्थितीत दाखवावी लागते. साहजिकच मोडण्यापेक्षा न वापरलेली बरी, ही भावना निर्माण होते आणि वस्तू कुलपात जाते. वापरात बिघडलेल्या उपकरणासाठी शिक्षकाला जाब विचारला जाणार नाही, असे समितीने लेखी ठरवले, तरच कुलूप निघते. आमच्या केंद्रातील एका मुख्याध्यापिकेने असा ठराव करून घेतला, आणि तेथील टॅब मुलांच्या हातात झिजून निकामी झाले. त्यांचे असे झिजणे हाच त्यांचा योग्य उपयोग होता, असे मी मानतो.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा, आणि येथे केरळचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे २००१ पासून ‘आयटी@स्कूल’ हा प्रकल्प चालू होता आणि पुढे त्याचेच ‘काइट’ या शासकीय संस्थेत रूपांतर झाले. २०१८ मध्ये आठवी ते बारावीचे ४५,००० वर्ग सुसज्ज करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. प्रशिक्षण देणारे बहुतांश शाळांतीलच शिक्षक होते, संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर होते, त्यामुळे परवान्यांचा खर्च नव्हता, आणि खरेदी करतानाच पाच वर्षांची हमी व तक्रार मुदतीत न सोडवल्यास पुरवठादाराला दंड, अशी अट होती. शिवाय ‘लिटल काइट्स’ या गटांतून विद्यार्थ्यांनाच उपकरणांची निगा राखायला शिकवले जाते. आपल्याकडे बहुतेक वेळा उपकरण देणारा एक, बसवणारा दुसरा आणि बिघडल्यावर फोन न उचलणारा तिसरा असतो.

गाविलगड

मी मेळघाटात शिकवतो. आमच्या मुलांच्या घरची भाषा कोरकू आहे. ती ऑस्ट्रो-आशियाई कुळातील असल्याने तिचे मराठीशी कोणतेही जवळचे नाते नाही, आणि पहिलीतल्या मुलाला शिक्षकाचे पहिले वाक्यच कळत नाही. येथे मला तंत्रज्ञानाचा जो उपयोग झाला त्याला पडदा लागला नाही. गावातील दोन आजींच्या संमतीने त्यांच्या तोंडच्या गोष्टी मी फोनवर ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या वर्गात ऐकवू लागलो. जी मुले महिनोन्महिने तोंड उघडत नव्हती, ती गोष्ट मध्येच थांबवून “पुढे असे नाही, असे आहे” म्हणून सांगू लागली. मग त्याच गोष्टीतील प्राण्यांची, झाडांची आणि भांड्यांची चित्रे फळ्यावर काढून त्यांना मराठी शब्द दिले. मुलांना अर्थ आधीच ठाऊक असल्याने त्यांना केवळ नवा शब्द शिकायचा असतो. अर्थ आणि शब्द दोन्ही एकदम शिकण्याचे ओझे राहत नाही.

अशा मुलांसाठी बाजारात मिळणारे तयार ई-लर्निंग संच मला निरुपयोगी वाटतात, कारण त्यांतील भाषा शहरी मराठी असते आणि चित्रांतले घर, स्वयंपाकघर, रस्ता यांपैकी काहीच त्यांनी पाहिलेले नसते. आदिवासी भागातील शाळेला काही द्यायचे असेल, तर चांगला माइक, स्पीकर आणि सौर ऊर्जेवर चार्ज होणारी बॅटरी द्यावी आणि आशय गावातून येऊ द्यावा.

वाचनवेडा

मी पुण्यात एका संगणक कंपनीत काम करतो आणि आम्ही काही मित्र आमच्या गावच्या शाळेला दरवर्षी मदत करतो. हा धागा वाचून आमचा यंदाचा विचार बदलत आहे. मोठे पॅनेल लाखाच्या पुढे जाते. त्याऐवजी त्याच रकमेत काय द्यावे? आणखी एक प्रश्न: आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने प्रश्नपत्रिका आणि पाठांची टाचणेही (शिकवण्याच्या तयारीच्या नोंदी) तयार करून देतात, शिक्षकांना त्यांचे प्रशिक्षण देण्यात आम्ही मदत करावी का?

खडूफळा

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. या साधनांकडून मी एकाच संकल्पनेवरील उदाहरणांचे वेगवेगळे नमुने करून घेते. पण प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय वर्गात नेत नाही. मराठी पारिभाषिक शब्दांत ती वारंवार चुकतात आणि चुकीचे उत्तरही ठामपणे देतात. टाचण मात्र मी स्वतःच काढते, कारण उद्याच्या तासिकेत कोणता मुलगा कुठे अडणार आहे, हे मलाच ठाऊक असते. प्रशिक्षण द्यायचे असेल, तर ते पाठ्यपुस्तकातील एखादा ठरावीक पाठ समोर ठेवून द्यावे, एवढीच विनंती.

पहिल्या प्रश्नाबाबत, सरसकट पॅनेल नको असे मी म्हणणार नाही. आठवीला ‘त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा’ हे प्रकरण आहे. लघुकोन त्रिकोणाचे तीन शिरोलंब (शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर काढलेले लंब) एका बिंदूत मिळतात हे फळ्यावर काढून दाखवता येते, पण विशालकोन त्रिकोणात तोच लंबसंपात बिंदू त्रिकोणाच्या बाहेर जातो, हे वेगळ्या आकृतीत दाखवले तर मुले ते दोन स्वतंत्र नियम म्हणून पाठ करतात. ‘जिओजेब्रा’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला की तो बिंदू हळूहळू सरकत काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि कोन आणखी वाढताच बाहेर पडतो. नियम एकच आहे, हे मुलांना स्वतः ओढून पाहिल्यावर उमजते. त्यासाठी मोठा स्पर्शपडदा उत्तम. पण साधा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर असेल, तर माउसनेही तेच करता येते, फक्त एका वेळी एकाच मुलाला पुढे येता येते.

तेव्हा आमच्या समितीपुढे मी जे टिपण ठेवणार आहे त्यात असे सुचवले आहे: एक लॅपटॉप, चांगला प्रोजेक्टर, वर्ग अंधारा करण्यासाठी पडदे, इन्व्हर्टर आणि योग्य अर्थिंग, दोन जुने पण चालू फोन, एक स्पीकर, आणि उरलेल्या रकमेतून तीन वर्षांची देखभाल व वीज. त्यासोबत निवृत्त केंद्रप्रमुखांनी सुचवलेला लेखी ठराव. माजी विद्यार्थ्यांना पॅनेलच द्यायचे असेल, तरी देखभालीची रक्कम आणि ठराव या दोन गोष्टी मी सोडणार नाही. टिपणाला जोड म्हणून सहावी ते दहावीच्या विज्ञान व गणिताच्या प्रत्येक पाठापुढे ‘पडदा हवा’, ‘फोन पुरेल’ किंवा ‘काहीच नको’ असे लिहिलेले एक कोष्टक तयार करत आहे. निम्म्याहून अधिक पाठांपुढे तिसराच शेरा पडला आहे.

माळरान

मॅडम, हे कोष्टक पूर्ण झाले की कृपया येथे द्यावे. पहिली ते पाचवीचे तसेच कोष्टक मी आणि आमच्या केंद्रातील दोन शिक्षिका मिळून करतो. वाचनवेडा सर, आपल्या मित्रांना करता येण्यासारखे एक काम आहे आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत. विनामूल्य मिळणारी सदृशीकरणे आणि ‘दीक्षा’वरील उपयुक्त ध्वनिफिती इयत्ता आणि पाठाच्या नावाने फोल्डरमध्ये लावून एका पेन ड्राइव्हवर द्याव्यात आणि त्या जुन्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय उघडतात की नाही ते आधी तपासून पाहावे. आमच्या केंद्रात दहा शाळा आहेत. फाइलचे नाव इंग्रजी अंकांत असले की शिक्षकांना शोधण्यात वेळ जातो, म्हणून नावे मराठीत आणि पाठ्यपुस्तकातील पाठक्रमांकासह असावीत. पहिला पेन ड्राइव्ह तयार झाला की तो आमच्या शाळेत वापरून पाहायला मी तयार आहे आणि ज्या फाइल उघडणार नाहीत त्यांची यादी त्याच आठवड्यात येथे लिहीन.